पन्नास पट्ट्यांपैकी वीस

मी एक जुने यंत्र आहे, रक्तातली साखर मोजणारे. आकाराने साबणाच्या वडीएवढे. दवाखान्यातून मला ओफेलियाच्या स्वयंपाकघरात आणले, त्या दिवशी माझ्या निळ्या पिशवीत एवढे सामान होते : मी एक, बोट टोचायची टोचणी एक, तिच्या सुया पन्नास आणि घट्ट झाकणाच्या डबीत पट्ट्या पन्नास. एक पट्टी एकदाच वापरता येते. घरात माणसे दोन, ओफेलिया आणि तिचा नवरा अर्नुल्फो. टेबलाभोवती खुर्च्या मात्र आठ.

माणसे दोन आणि खुर्च्या आठ, हे मला त्याच दिवशी खटकायला हवे होते.

मित्रांनो, माझे काम सोपे आहे. पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवला की पाच सेकंदांत मी आकडा सांगते. उपाशीपोटी शंभराच्या आसपास असेल तर ठीक. सत्तरच्या खाली गेला तर माणूस चक्कर येऊन पडू शकते, बेशुद्धही होते. सतत दोनशेच्या वर राहिला तर डोळे, मूत्रपिंडे, पाय हळूहळू निकामी होतात. आकडा, तारीख आणि वेळ मी लक्षात ठेवते. थेंब कुणाचा होता, हे मात्र माझ्या नोंदीत येत नाही. तशी सोयच माझ्यात केलेली नाही. आणि माझ्याच आकड्यांवरून ओफेलियाच्या इन्सुलिनची मात्रा ठरायची होती.

ओफेलिया रोज सकाळी उठल्याबरोबर बोट टोचत असे. एकशे एकतीस. एकशे एकोणचाळीस. एकशे अठ्ठावीस. आकडा पाहून ती क्रूसाची खूण करी आणि मला कापडाने पुसून ठेवी. तिच्या कापडाला मक्याच्या पिठाचा वास येत असे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग पहिला रविवार आला.

रविवारी प्रार्थनेनंतर त्या आठही खुर्च्या भरत. बीन्स, भात, तव्यावरून थेट ताटात येणाऱ्या मक्याच्या तोर्तिया. त्या घरातून न जेवता कुणी उठले, तर ओफेलिया आठवडाभर ते मनाला लावून घेई. जेवणे झाली आणि तिने मला टेबलाच्या मधोमध ठेवले, जणू मी गोडाची बशीच.

समोर तोमासा बसली होती. ओफेलियाच्या मुलीच्या, नोएमीच्या बाप्तिस्म्याला बाळ हिच्याच हातांवर होते. तेव्हापासून दोघी एकमेकींना नावाने नाही, कोमाद्रे, म्हणजे लेकराची दुसरी आई, म्हणूनच हाक मारतात.

"आण गं बोट, कोमाद्रे."

"माझं? मला कुठे साखर आहे?"

"अगं, बघायला काय जातंय? घरात आहे तर आहे."

"टोचेल?"

"तीन बाळंतपणं काढलीस आणि सुईला भितेस?"

सगळे हसले. तोमासाने बोट पुढे केले. मग तिच्या नवऱ्याने, मग शेजारणीने. नाही कसे म्हणायचे? तो यजमानिणीचा अपमान झाला असता. ओफेलिया दर वेळी सुई बदलत असे, पण टोचणी तीच राही; एकाचे रक्त तिच्यामार्फत दुसऱ्याला लागू शकते, हे कुणाच्या मनात आले नाही.

अर्नुल्फो तेवढा हात खिशात घालून उभा होता. चाळीस वर्षे त्याने ग्रेपफ्रूटच्या बागांमध्ये काम केले होते. त्याची बोटे झाडाच्या सालीसारखी झाली होती.

"मला नको तुमचं ते खेळणं," तो म्हणाला. "माझा बाप डुकराच्या चरबीतल्या बीन्स खाऊन ब्याऐंशी वर्षं जगला."

"आणि शेवटची सहा वर्षं एका पायावर," तोमासा म्हणाली.

"तो ट्रॅक्टरखाली आला होता!"

"टाच आली होती. पाय साखरेने गेला."

मंगळवारी दुपारी चार वाजता ओफेलिया चर्चमध्ये जपमाळेला गेली. माझी पिशवी उघडली गेली. बोट इतके निबर होते की दोनदा टोचावे लागले. थेंबाबरोबर ग्रेपफ्रूटच्या सालीचा वास आला. तीनशे चार. तो बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिला. मग वापरलेली पट्टी त्याने कागदात गुंडाळून बनियनच्या खिशात ठेवली आणि मला जसेच्या तसे पिशवीत घातले. असे तो पुनःपुन्हा करू लागला. मला वाचा असती, तर मी त्याच्याशी काय बोलले असते, कोण जाणे.

पट्ट्या भराभर संपू लागल्या. ओफेलिया डबी कानाशी हलवून बघे आणि म्हणे, "रविवारी माणसं येतील, त्यांना काय दाखवू?" मग ती स्वतःचीच सकाळ वगळी. अशा चार सकाळी तिने वगळल्या. चोविसाव्या दिवशी डबी रिकामी झाली.

पंचविसाव्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला तार जोडली आणि पडद्यावर पाहिले. पन्नास आकडे, सरासरी एकशे सत्त्याहत्तर.

"चोवीस दिवसांत पन्नास वेळा मोजलंत!" त्या म्हणाल्या. "ओफेलिया, इतकी काळजी घेणारं माणूस मी क्वचित बघते. पण साखर जास्त आहे हं. रात्रीचं इन्सुलिन अठरा युनिटवरून सव्वीस करू या."

ओफेलियाचे गाल लाल झाले. आयुष्यात शिकलेल्या माणसाने तिची अशी स्तुती पहिल्यांदाच केली होती. ती खोडून काढणे तिला जमले नाही. ती म्हणाली, "तुम्ही सांगाल तसं, डॉक्टर." आणि नवी डबी घेऊन घरी आली.

नंतरच्या रविवारी ती नेहमीसारखी उपाशीपोटी प्रार्थनेला गेली. देवाचा प्रसाद तोंडात पडेपर्यंत ती काही खात नसे. घरी येऊन तशीच तव्याशी उभी राहिली. चौथी तोर्तिया उलटताना तिचा हात थरथरला. कपाळावर घाम आला. ती काहीतरी असंबद्ध बोलली आणि खाली बसली.

"धसका आहे हा!" तोमासा ओरडली. "सकाळी तो कुत्रा गाडीसमोर आला ना, त्याचाच. अंडं आणा, उतरवून टाकते!"

"आधी साखर बघा," असे म्हणत नोएमी माझी पिशवी शोधू लागली. पण मला कुठे ठेवतात, हे तिला ठाऊक नव्हते. ते ठाऊक होते अर्नुल्फोला. त्याने फडताळ उघडले, पट्टी माझ्यात सरकवली, टोचणीत सुई बसवली, ओफेलियाच्या बोटाची बाजू चोळली आणि टोचले. कुठेही अडखळला नाही.

चव्वेचाळीस.

त्याने स्वतःच्या पेल्यातले संत्र्याचे सरबत घोट घोट करून तिला पाजले. पंधरा मिनिटांनी एकाहत्तर. अर्ध्या तासाने शहाण्णव. तोमासाच्या हातातले अंडे तसेच राहिले होते.

ओफेलिया सावरून बसली, तेव्हा नोएमी म्हणाली, "पापा, तुम्हाला हे कसं येतं?"

"बघून बघून."

"तुम्ही तर रविवारी टोचणीकडे बघतही नाही."

नोएमी माझे बटण दाबत मागे मागे गेली. "रविवारी चार मिनिटांत तीन आकडे. एकशे बत्तीस, सत्त्याण्णव, एकशे सहा. एका माणसाचं रक्त चार मिनिटांत असं उड्या मारत नाही. आणि हे दुपारी चारचे? तीनशे चार. तीनशे एकवीस. त्या वेळी ममा जपमाळेला असते."

तिने कागदावर मांडणी केली. पन्नास पट्ट्यांपैकी वीस ओफेलियाच्या, त्यांची सरासरी एकशे चौतीस. सोळा पाहुण्यांच्या. चौदा दुपारी चारच्या, त्यांची सरासरी तीनशे दहा.

"म्हणजे माझं औषध तुझ्या साखरेवर वाढलं, म्हाताऱ्या," ओफेलिया हळूच म्हणाली.

अर्नुल्फोने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माझ्या भावाला इन्सुलिन दिलं आणि वर्षात डोळे गेले. दवाखान्यात गेलो असतो तर मलाही तेच दिलं असतं."

"त्याचे डोळे आधीच गेले होते. इन्सुलिन उशिरा आलं आणि आळ त्याच्यावर आला."

"तुला काय माहीत?"

"त्याला हाताला धरून मी नेत होते ना दवाखान्यात! तू बागेत होतास."

सोमवारी ओफेलियाची मात्रा पुन्हा अठरा झाली. अर्नुल्फो दवाखान्याच्या दाराबाहेर गाडीतच बसून राहिला. मंगळवारी सकाळी ओफेलियाने मला टेबलावर ठेवले, पण उघडले नाही.

"आधी तू, मग मी," ती म्हणाली. "एकटीने मी आता टोचणार नाही."

"वेडी झालीस का? परवा मरता मरता वाचलीस."

"म्हणून तर म्हणते. लवकर ठरव."

मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवारही गेला. तीन दिवस माझ्यात एकही आकडा पडला नाही. मी खूप आकडे पाहिले, मित्रांनो, पण त्या तीन कोऱ्या सकाळींसारखे भय मला कशाचे वाटले नाही. शुक्रवारी ती मला न उघडताच तवा तापवायला वळली. तेव्हा अर्नुल्फोने ते सालीसारखे बोट टेबलावर, माझ्याजवळ ठेवले.

"टोच," तो म्हणाला. "पण तोमासाला सांगू नकोस."

तोमासाला दुपारपर्यंत कळले होते.

पुढच्या आठवड्यात तो दवाखान्यात गेला. त्याला त्याचे स्वतःचे यंत्र मिळाले, काळे, माझ्याहून लहान. संध्याकाळी दोघे कालव्याच्या कडेने तोमासाच्या घरापर्यंत चालत जाऊ लागले. चरबीचा डबा खालच्या फळीवर गेला, मग दिसेनासाच झाला. रविवारी आठ खुर्च्या अजूनही भरतात. मात्र तोमासाने आता स्वतःचे यंत्र घेतले आहे; ते ती पर्समध्ये घालून आणते आणि स्वतःचा आकडा मोठ्याने वाचते. फडताळाच्या आतल्या बाजूला नोएमीने कागद चिकटवला आहे. त्यावर प्रत्येक आकड्यापुढे नाव लिहितात.

ओफेलियालाही नवे यंत्र मिळाले. गेली दोन वर्षे मी खणात आहे, जुन्या जपमाळेशेजारी. माझ्या पडद्याचा एक कोपरा आता उमटत नाही. मित्रांनो, माझ्यासारखे यंत्र तुमच्या घरात असेल, तर ते ज्याचे त्यालाच वापरू द्या. आणि घरातले कुणी दाराआड एकट्याने आपला आकडा पाहत असेल, तर त्याच्यासाठी टेबलाशी एक खुर्ची ओढा.

गेल्या रविवारी अर्नुल्फोच्या यंत्राची बॅटरी संपली. खणातून मला काढले. माझ्या मापाच्या पट्ट्यांची एक डबी शिल्लक होती. त्याने तिच्यावरची तारीख चष्मा लावून तपासली, नवी टोचणी घेतली आणि बोट टोचले. या वेळी एकदाच टोचावे लागले.

सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. उपाशीपोटी. अर्नुल्फो : एकशे एकोणीस.