आधी कुणाचं नेट

बाबांची खोली म्हणजे घरातली अडगळ. मोडकी इस्त्री, पंख्याची सुटी पाती, वहिनीने हौसेने आणून कधीच न वापरलेलं व्यायामाचं यंत्र, आणि या सगळ्याच्या मधोमध बाबा. पलंगाशेजारी कॉम्प्युटर होता. त्याच्या कीबोर्डवर कधीतरी सांडलेल्या दुधाचा चिकट थर तसाच होता. बोट लावलं आणि मला शिसारी आली.

अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांची जीभ जड झाली होती. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा पडद्यावर यायच्या. प्रगती शून्य आहे, आज शेवटचं बघते, नाहीतर थांबवू या, असं त्यांनी परवा वहिनीला सांगितलं होतं. म्हणून मी सुट्टी टाकून आले होते. बाबा पुन्हा चार माणसांत बोलणार की जन्मभर हातवारे करणार, हे आज ठरणार होतं. दादा शेजारच्याच खोलीत होता, पण साहेबांना म्हणे ऑफिसची मीटिंग होती.

"काका, म्हणा, खिडकी."

"खिड...की," बाबा म्हणाले. हळू, पण पूर्ण.

बाई पडद्यावर तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजल्या. मग हलल्या. "शेवटचं अक्षर परत गळलं. पुन्हा म्हणा."

बाबांनी पुन्हा म्हटलं. त्यांना घाम फुटला. बाई म्हणाल्या, पुन्हा गळलं.

मी तिथंच बसले होते. बाबांच्या तोंडून काहीच गळत नव्हतं. गळत होतं ते नेटवर, आणि बोलणी हा बिचारा माणूस खात होता.

बाईंना जरा थांबायला सांगून मी कॉम्प्युटरच्या मागे वाकले. केबल नीट लावलेली होती, हिरवा दिवाही लुकलुकत होता. म्हणजे घरातलं चांगलं नेट इथपर्यंत येत होतं. तरी कॉम्प्युटर चालला होता बाबांच्या जुन्या मोबाइलच्या नेटवर, आणि त्या खोलीत मोबाइलला रेंज मिळायची मारामार. दोन नेट जोडलेली असली की कॉम्प्युटर दोघांना नंबर देतो आणि लहान नंबरवाल्याला आधी घेतो. एरवी तो आपणहून केबललाच पुढे बसवतो. इथे सेटिंगमधली 'आपोआप'ची खूण काढून, हाताने भलामोठा नंबर टाकून, कुणीतरी केबलला मागे ढकललं होतं.

कुणीतरी कसलं. या घरात तेवढी अक्कल एकालाच आहे.

मी दादाच्या खोलीचं दार ढकललं. आत उष्ट्या ताटल्यांचा कोंदट वास. मीटिंग कसली, साहेब मॅच बघत होते.

"बाबांची केबल मागे कुणी टाकली?"

"मी. त्यांचा कॉल सुरू झाला की माझं अडकतं." त्याने पायानेच एक ताटली बाजूला सरकवली. "काढून टाकली नाहीये ना? मोबाइल बंद पडला तर केबलवर येतं. सोय ठेवलीय मी."

"बाई शिकवणं बंद करतायत. प्रगती नाही म्हणतात."

"मग नसेल. या वयात किती होणार?"

सख्खा भाऊ माझा. एका ताटात जेवून वाढलो आम्ही. त्या क्षणी त्याच्या दाराची कडी धरायचीसुद्धा मला किळस वाटली.

परत येऊन मी ती 'आपोआप'ची खूण पूर्ववत केली. बाईंचा चेहरा लख्ख दिसायला लागला.

"खिडकी," बाबा म्हणाले.

बाई पुढे वाकल्या. "अहो काका, हे तर स्वच्छ आहे. नाही हं, आपण थांबवायचं नाही."

बाबा अर्ध्या तोंडाने हसले. मला रडू आवरेना.

तेवढ्यात पलीकडून दादा ओरडला, "माझं अडकलं. कोण काय करतंय तिकडे?"

बाबांचं हसू मावळलं. ते माझ्याकडे वळले आणि एकेक शब्द जुळवत म्हणाले, "त्याचं... आधी... राहू दे."

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

बाईंना यातलं काय कळणार? त्या तर खुशीत होत्या. "अख्खं वाक्य, काका. तेच परत म्हणा बघू."

आणि बाबांनी ते परत म्हटलं, आधीपेक्षा स्पष्ट.