मंजुळाबाईचा आवाज

तापाची साथ आली, पण वरळी कोळीवाड्यात पालिकेच्या साहेबांच्या भोंग्याला कोण भीक घालतो? मग साहेबांनी मासे विकणाऱ्या मंजुळाबाईचाच दणदणीत आवाज रेकॉर्ड केला, "बायांनो, घरातच बसा गो! कोणाच्या दारात जाऊ नका!" भोंग्याची रिक्षा गल्लोगल्ली फिरली. कोळीवाड्याने मुकाट्याने ऐकलं. मंजुळाबाई केवढी फुशारली!

पंधरवड्यात तिचा नवरा तापाने गेला. एरवी कोळ्याच्या मयतीला अख्खी गल्ली लोटते. आज सगळी दारं बंद, खिडक्यांतून नुसते डोळे. दोन परक्या माणसांनी त्याला प्लास्टिकात गुंडाळून उचललं.

"अरे, कोणीतरी या रे!" मंजुळाबाईने हंबरडा फोडला.

शेजारणीचं दार किलकिलं झालं. तेवढ्यात कोपऱ्यावरून रिक्षा वळली आणि मंजुळाबाईचाच आवाज गल्लीवर खेकसला, "कोणाच्या दारात जाऊ नका!"

शेजारणीने दार लावून घेतलं.