चौदा विरुद्ध बारा

माझ्या मोठ्या भावाने आयुष्याची तीस वर्षं एका प्रश्नावर घालवली. राज्य करणाऱ्याने लोकांचा सल्ला घेतला, तर तो त्याने पाळलाच पाहिजे, की नुसता ऐकून घेतला तरी भागतं? आमच्या धर्मात या सल्लामसलतीला शूरा म्हणतात, आणि जाणत्यांमध्ये त्यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, सगळ्यांचं ऐका आणि मग स्वतःला पटेल ते करा. दुसरा म्हणतो, जास्त लोकांनी ठरवलं की संपलं, राजासुद्धा त्याला बांधील. दादा दुसऱ्या तटातला. "पाळायचाच नसेल तर तो सल्ला कसला, ते चहापान," असं म्हणायचा. यावर त्याने सहाशे पानं लिहिली. कॉलेजवाल्यांनी फार धार्मिक आहे म्हणून परत केली, आणि आमच्या धर्मवाल्यांनी यात परक्यांचा वास येतो म्हणून परत केली. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी ते बाड माझ्या कपाटात साड्यांच्या खाली गेलं.

मी कपडे दुरुस्त करते. चेन बदलणं, उंची कमी करणं, पोट सुटलेल्यांच्या पँटी सैल करणं. नवरा गेल्यावर दादा माझ्या आधाराला आला की मी त्याला आधार दिला, यावर आमचं अजून एकमत नाही. तो शाळेत इतिहास शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. घरात तिसरी माझी मुलगी, तेवीस वर्षांची. तिला लहानपणापासून वकीलबाई हेच नाव पडलंय, कारण वाद घातल्याशिवाय तिला घास उतरत नाही. ती शहराच्या पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. दर दोन तासांनी पाण्याचे नमुने घ्यायचे, क्लोरीन मोजायचं, तक्त्यात भरायचं. ती नोकरी लागली त्या आठवड्यात मी तीन गिऱ्हाइकांच्या पँटी भलत्याच लांबीच्या कापल्या. एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता आणि आता व्हायचाही नाही.

आमचं नमाजाचं ठिकाण म्हणजे टायरच्या दुकानावरचा हॉल. बाहेरून लोखंडी जिना, आत गालिचा, मागे बायकांसाठी पडदा. सतत रबराचा वास. दुकानाचा मालक टायरवाला तोच कमिटीचा अध्यक्ष. दर गुरुवारी संध्याकाळी दादा तिथे वर्ग घ्यायचा. वीसबावीस तरुण पोरंपोरी यायची. सत्ता ही ठेव आहे, मालमत्ता नव्हे, राज्यकर्ता चुकला तर त्याला कोण विचारणार, कायदा मोठा की खुर्ची मोठी, असले विषय. बाहेरचं जग म्हणतं की तुमच्या धर्मात लोकशाही बसत नाही, आणि पोरांच्या फोनमधले प्रवचनकारही नेमकं तेच म्हणतात. दादा दोघांना खोटं पाडायला निघाला होता, एकटा, खडू घेऊन.

आणि तो मास्तर होता, हीच मोठी अडचण. मास्तर वर्ग घेणार तर नोंदवही ठेवणारच. तारीख, नाव, हजर, गैरहजर, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी त्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न. चांगल्या प्रश्नाला लाल शाईने 'उत्तम'. शाळेत चाळीस वर्षं हेच केलं, इथेही केलं. कुठला शहाणा माणूस आपल्या पोरांचे असले प्रश्न नावासकट लिहून ठेवतो? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

मग परवान्याच्या कार्यालयातून पत्र आलं. टायरवाल्याने ते शुक्रवारी नमाजानंतर वाचून दाखवलं. 'सदर सभागृहात चालणाऱ्या वर्गाची नोंदवही जशी आहे तशी पंधरा दिवसांत सादर करावी. अन्यथा सभागृहाच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा विचार करता येणार नाही.' नोंदवही आहे हे त्यांना कुणी सांगितलं, ते अजून कळलेलं नाही. मी अंदाज करायचा सोडून दिलाय, कारण मग प्रत्येकाच्या तोंडाकडे बघावं लागतं.

टायरवाला म्हणाला, अध्यक्ष म्हणून मी देऊन टाकतो. दादा उभा राहिला. "असं एकट्याने नाही ठरवायचं. रविवारी सगळ्यांना बोलवा. बायकांनाही. पडदा सरकवा, मोजताना हात दिसले पाहिजेत. बहुमत होईल ते सगळ्यांवर बंधनकारक." किती खुलला होता त्या दिवशी! तीस वर्षांनी त्याला त्याची शूरा करून बघायला मिळत होती.

रविवारी सकाळी तीस माणसं जमली. मी जन्मात पहिल्यांदा त्या हॉलमध्ये मत द्यायला बसले होते, आणि खरं सांगायचं तर ताठ बसले होते. टायरवाला म्हणाला, "कर नाही त्याला डर कशाला? आपल्याकडे लपवायला काय आहे? हॉल गेला तर ही म्हातारी माणसं नमाजाला कुठे जाणार, फुटपाथवर?" दादा बोलला तो फार चांगला बोलला. म्हणाला, या मुलांनी विश्वासाने प्रश्न विचारले, ती आपल्याकडची ठेव आहे, आणि ठेव दुसऱ्याच्या हवाली करायचा अधिकार आपल्याला नाही. दोन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जिंकलो.

भिंतीला टेकून त्याच्याच वर्गातले चार मुलगे बसले होते. त्यांची नावं त्या वहीत होती. मत द्यायची वेळ आली तेव्हा त्यातला एक, इंजिनिअर आहे तो, म्हणाला, "मास्तर, आम्ही हात वर करणार नाही. हात मोजून खरं-खोटं ठरत नाही. ही त्यांची रीत आहे, आपली नव्हे." दादाने त्याला समजावलं, हात जोडले, जुनी उदाहरणं दिली. पालथ्या घड्यावर पाणी. चौघेही मांडीवर हात ठेवून बसून राहिले.

वही द्यावी म्हणणारे चौदा. देऊ नये म्हणणारे बारा, त्यात मी आणि वकीलबाई. ते चार हात वर गेले असते तर सोळा विरुद्ध चौदा झालं असतं. हे गणित मी तेव्हापासून रोज करते. कात्री चालवताना करते, भाजी चिरताना करते.

घरी आल्यावर मी दाराला कडी लावली आणि त्याला म्हटलं, "दादा, वही जाळ."

"ठरलंय, बाई."

"काय ठरलंय? तुझ्या विरुद्ध ठरलंय! तूच म्हणालास ना, ठेव आहे म्हणून?"

"म्हणालो. आणि हरलो." तो खुर्चीवर बसला, बुटांच्या नाड्या सोडायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. "मी जिंकल्यावर बंधनकारक आणि हरल्यावर नुसता सल्ला, असं कसं चालेल? मग मी ज्या ज्या सुलतानाविरुद्ध लिहिलं त्याच्यात आणि माझ्यात फरक काय?"

मी वही उघडली. मुलीचं नाव शोधायला वेळ लागला नाही. मार्चचा दुसरा गुरुवार. तिच्या नावापुढे त्याच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'जुलमी राज्यकर्त्याला खुर्चीवरून हटवण्याचा हक्क कोणाला, आणि कोणत्या मार्गाने?' पुढे लाल शाईत 'उत्तम', आणि त्याखाली दोन रेघा.

"निदान हे पान तरी फाड. नाहीतर हा रकाना कापून टाकते मी, सरळ कापीन, कळणारही नाही कुणाला. तुझी भाची आहे ती! पाण्याच्या केंद्रात नोकरी करते, अक्कल आहे का तुला?"

"ठराव 'जशी आहे तशी' असा झालाय. पान फाडलं तर ती फसवणूक होते."

माझ्या हातात कात्री होती. वही माझ्या मशीनवर उघडी होती. एका मिनिटाचं काम. मी वकीलबाईकडे बघितलं, ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "देऊ दे आई. मी चोरी नाही केली, प्रश्न विचारला. हजार वर्षं लोक तो विचारताहेत." तेवीस वर्षांचं वय, आणि मामाचा आदर्श समोर. मी कात्री खाली ठेवली. का ठेवली, याचं उत्तर मी देवाला कसं देणार आहे ते मला माहीत नाही. सोमवारी दहा वाजता दादा इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि वही देऊन आला. पोचपावतीसुद्धा घेऊन आला.

तिसऱ्या आठवड्यात वकीलबाईचं ओळखपत्र केंद्राच्या फाटकावर चालेना. तिला आतल्या खोलीत बसवलं. दोन पुरुष आणि एक बाई, फार सभ्य माणसं. जुलमी राज्यकर्ता म्हणजे तुम्हाला कोण अभिप्रेत आहे, असं त्यांनी विचारलं. हिने जुना वाद समजावून सांगितला, कोण काय म्हणाला, कोणी त्याला काय उत्तर दिलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि 'ही माणसं सध्या कुठे राहतात' असं विचारलं. हे तिने मला हसत हसत सांगितलं. मीही हसले. त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही.

चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर येऊ नये, असं पत्र आलं. चौकशी पूर्ण होत नाही. तिच्यासारखं आणखी पाच जणांचं झालं. एकाचा पासपोर्ट अडकला, एका मुलीचं कॉलेज. त्या इंजिनिअरची बढती गेली. तो जिन्यात दादाला भेटला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बघितलंत? तुमच्या मतदानाने आम्हाला विकलं." तू हात वर केला नाहीस रे, असं ओरडावंसं मला वाटलं, आणि मी ओरडलेही, पण तो तोवर खाली पोचला होता. आता ती मुलं कुठेतरी दुसरीकडे जमतात. तिथे प्रश्न विचारायची सोयच नाही म्हणे.

गुरुवारी दादा हॉलमध्ये जाऊन बसायचा. पहिल्या गुरुवारी सात आले, नंतर तीन, मग कुणीच नाही. तरी तासभर बसून यायचा.

आणि माझी मुलगी वाद घालायची थांबली. भाजीत मीठ जास्त आहे म्हटलं तर 'हो' म्हणते. तू चुकलीस म्हटलं तर 'हो' म्हणते. दिवसभर खिडकीकडे पाठ करून झोपते. एकदा मी मुद्दाम म्हटलं, बायकांना काय कळतं राजकारणातलं. पूर्वी हिने घर डोक्यावर घेतलं असतं. ती म्हणाली, "खरंय आई." मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

परवाना मिळाला, सहा महिन्यांचा. त्यात अट होती: सदर वर्गाच्या शिक्षकाचा सभागृहाशी कोणत्याही प्रकारे संबंध नसावा. कोणत्याही प्रकारे म्हणजे नमाजालाही नाही. टायरवाल्याने पुन्हा रविवारी सगळ्यांना बोलावलं. तो वाईट माणूस नाही. पत्र त्याने दादाकडे न बघता वाचलं. "मास्तर, तुमच्याच पद्धतीने ठरवू. आणि मोजा तुम्हीच, तुमच्या मोजण्यावर कुणी शंका घेणार नाही."

दादा धरून एकोणीस माणसं होती. वकीलबाई आली नव्हती, ती कुठेच येत नाही. दादा पुढे जाऊन उभा राहिला. म्हणाला, "विषय माझाच असल्यामुळे मी बाजू मांडणार नाही. पडदा सरकवा. अट मान्य असणाऱ्यांनी हात वर करा."

पुरुषांचे हात वर गेले, खाली मान घालून. ज्यांनी तेव्हा त्याच्या बाजूने मत दिलं होतं त्यांचेही गेले. दादा बोटाने मोजत होता. "पुरुषांकडचे अकरा." मग आमच्याकडे वळला. मला खिडकीकडे पाठ करून झोपलेली मुलगी दिसत होती, दुसरं काही दिसत नव्हतं. एक पान फाडलं असतं तर. एक रकाना. त्याला शूरा वाचवायची होती, माझी पोर नव्हे. माझा हात वर गेला.

तो मोजत आला. माझ्यापाशी थांबला नाही. "बायकांकडचे सात. एकूण अठरा. विरोधात?" कुणीच नाही. जिच्यावर भरवसा ठेवावा अशी सख्खी बहीण होती, तिचा हात आधीच मोजून झाला होता.

"ठराव मंजूर," दादा म्हणाला. "मी त्याला बांधील आहे." त्याने दाराजवळ जाऊन बूट घातले.

मला वाटलं होतं, हात वर केल्यावर आतलं ओझं थोडं कमी होईल. झालं नाही. मी जिना उतरले. खाली तो माझ्यासाठी थांबला होता. माझ्या हातातली पिशवी त्याने घेतली आणि आम्ही चालायला लागलो. आता भांडेल, आता शिव्या देईल, म्हणून मी वाट बघत होते. दे ना, मनात म्हणत होते, एक तरी दे.

रस्ता ओलांडल्यावर तो बोलला. "पुढच्या वेळी हात पूर्ण वर करत जा. तुझा खांद्यापर्यंतच होता. मोजणाऱ्याची पंचाईत होते."