औषधवाल्याचा गुरुवार

ग्रानादातल्या रेआलेहो मोहल्ल्यात बाल्दोमेरो केसादाचं नळ-तोट्यांचं दुकान आहे. माणूस अठ्ठावन्न वर्षांचा, दात सगळे शाबूत, रक्तदाब पोराला लाजवेल असा. त्याला दुखणं म्हणाल तर एकच होतं, आणि त्या दुखण्याचा मुक्काम दूर वायादोलिद शहरात होता.

दुखण्याचं नाव डॉन अतानासियो. निवृत्त औषधविक्रेता, विधुर, पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा रुमाल. हा गृहस्थ दर वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी ग्रानादाचा आल्हाम्ब्रा राजवाडा पाहायला येई, आणि दाखवायला बाल्दोमेरोची बायको अंगुस्तियासच लागे. ती तिथली परवानाधारक मार्गदर्शक. तीस-तीस माणसांचे घोळके हाकणं हे तिचं रोजचं काम, पण डॉन अतानासियोंना घोळका चालत नसे. त्यांना ती दिवसभर, एकटी, आपल्यासाठी हवी असे. पहिल्या वर्षी बाल्दोमेरोला बरं वाटलं. दुसऱ्या वर्षी नवल वाटलं. तिसऱ्या वर्षी नाताळात वायादोलिदहून मेंढीच्या दुधाच्या चीजचा अख्खा गोळा घरी येऊन पडला, आणि तेव्हापासून त्याच्या पोटात दुखायला लागलं. चीजमुळे नव्हे. चीज उत्तम होतं, हेच तर वाईट होतं.

त्याचा हिशेब सरळ होता. राजवाडा मूर सुलतानांनी साडेसहाशे वर्षांपूर्वी बांधला. गेल्या मेपासून त्यात एक फरशी वाढलेली नाही. मग माणूस पुन्हा पुन्हा येतो तो काय पाहायला? स्वतः बाल्दोमेरो चौथीत असताना शाळेबरोबर एकदा गेला होता, कारंज्यात कागदाची होडी सोडली म्हणून त्याने मास्तरांची थप्पड खाल्ली होती, आणि तेवढं दर्शन त्याला जन्मभर पुरलं होतं.

त्यात अंगुस्तियासचं वागणं. एरवी कामावरून आली की ती बूट दोन दिशांना भिरकावी आणि सूप पोटात जाईपर्यंत तोंड उघडत नसे. ग्रानादाच्या माणसाचं हेच लक्षण आहे. तो घरात गोड बोलायला लागला तर आधी ताप बघावा. पण त्या एका गुरुवारी ती घरी येई ती गुणगुणत. सव्वीस वर्षांच्या संसारात बाल्दोमेरोने तिला चारदा गुणगुणताना ऐकलं होतं. चारही वेळा मे महिना होता.

‘काय गं, आज खुशीत?’ तो विचारी.

‘ऊन छान होतं,’ ती म्हणे. जणू ग्रानादात ऊन पाहुणं म्हणून येतं.

तेव्हा या जानेवारीत, औषधवाल्याने दिवस ठरवायच्या आत, बाल्दोमेरोने स्वतःच बायकोला भाड्याने घेतलं. सहल कंपनीच्या फॉर्मवर त्याने मोत्रिलच्या आपल्या चुलतभावाचं, निकासियोचं नाव टाकलं. खासगी सहल, पूर्ण दिवस, एक व्यक्ती, मे महिन्याचा दुसरा गुरुवार. खाली ‘विशेष सूचना’ असा रकाना होता. तिथे त्याने लिहिलं : मार्गदर्शक बाई अंगुस्तियासच हव्यात. लिहून झाल्यावर त्याला आपल्याच हुशारीचा हेवा वाटला.

बेत एवढाच होता. दिवस अडवायचा आणि घरी बसायचं. त्यातली गोम निकासियोने फोनवर दाखवली.

‘अरे शहाण्या, गिऱ्हाईक आलंच नाही तर बाई मोकळी. मोकळी बाई, मोकळा औषधवाला आणि एवढा मोठा राजवाडा. पुढचं मी सांगू, का तुला जमेल?’

म्हणून गिऱ्हाइकाला जाणं भाग पडलं. आणि गिऱ्हाईक मोत्रिलचं असल्यामुळे गाडी त्याला घ्यायला मोत्रिललाच येणार होती. राजवाडा बाल्दोमेरोच्या दुकानापासून पायी पंधरा मिनिटांवर. तो पाहण्यासाठी त्याला पहाटे उठून सत्तर किलोमीटर लांब जावं लागलं.

‘मोत्रिलला चाललोय,’ दारात तो म्हणाला. ‘नव्या तोट्या बघायला.’

अंगुस्तियासने बटाट्याचं ऑम्लेट घातलेला पाव कागदात बांधून त्याच्या हातात दिला. ‘निकासियोला नमस्कार सांग.’

‘तो कशाला भेटतोय?’

‘मोत्रिल ते केवढंसं. भेटेल.’

येताना गाडीचा ड्रायव्हर आरशातून बराच वेळ बघत होता. ‘तुमचं रेआलेहोत नळाचं दुकान आहे ना?’

‘छे, मी मोत्रिलचा.’

‘मग तुमचा भाऊ असेल. गेल्या वर्षी त्यानं मला वॉशर दिला होता. अजून ठिबकतंय. सांगा त्याला.’

दहा वाजता गाडी आल्हाम्ब्राच्या ‘न्यायाचा दरवाजा’ म्हणतात त्या वेशीपाशी थांबली. अंगुस्तियास गळ्यात ओळखपत्र लटकवून उभी होती. बाल्दोमेरोने रस्त्यात तीन वाक्यं तयार केली होती. एक गमतीचं, एक गंभीर आणि एक, वेळ पडल्यास, माफीचं. तिने एकालाही संधी दिली नाही.

‘यावं, डॉन निकासियो. प्रवास कसा झाला?’

चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पुढे केलेला हात त्याने हातात घेतला. सव्वीस वर्षांत बायकोशी हस्तांदोलन करायची ही पहिलीच वेळ.

‘बरा झाला,’ तो म्हणाला.

‘न्याहारी झालीच असेल. ऑम्लेट वगैरे?’

‘झाली.’

‘मग चलावं. बारा ते साडेबारा ही आपली राजवाड्यात शिरायची वेळ आहे. ती चुकली तर खुद्द सुलतान आला तरी आत घेत नाहीत.’

ही नाटक करते तर आपणही करू, असं बाल्दोमेरोने ठरवलं. आणि खरं सांगायचं तर डॉन निकासियो असणं त्याला आवडायला लागलं. ती त्याला सावलीच्या बाजूने चालवत होती. दर चढणीनंतर ‘दमला नाहीत ना?’ असं विचारत होती. पाण्याची बाटली स्वतः उघडून देत होती. घरी तिने त्याला शेवटची बाटली उघडून दिली होती ती त्याचा हात प्लास्टरमध्ये असताना. हे सगळं बरं वाटत असतानाच त्याच्या मनात आलं की हे सगळं चार वर्षं त्या मिशांना मिळालेलं आहे, आणि त्याने बाटलीला झाकण लावून टाकलं.

बारा वाजता ते राजवाड्याच्या दाराशी आले. रांग होती. पहारेकरी एकेकाचं तिकीट बघत होता, मग त्याचं सरकारी ओळखपत्र मागत होता, मग दोन्हींवरची नावं जुळवत होता. बाल्दोमेरोला घाम फुटला. चौथीत असताना कोणी ओळखपत्र मागितलं नव्हतं. तिकिटं नावानिशी निघतात हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते फक्त ग्रानादात जन्मलेल्या माणसाला, कारण तो कधी तिकीट काढतच नाही.

‘ओळखपत्र,’ पहारेकरी म्हणाला.

त्याने मुकाट्याने आपलं खरं ओळखपत्र दिलं आणि डोळे मिटले.

‘बाल्दोमेरो केसादा. बरोबर आहे. व्हा पुढे.’

त्याने डोळे उघडले. अंगुस्तियास छताकडे पाहत होती.

‘फॉर्मवर तुझ्या दुकानाचा फोन नंबर होता, बाल्दो,’ ती म्हणाली. ‘गेली अठरा वर्षं आपल्या कॅलेंडरवर छापतोय तो.’

‘तुला कधी कळलं?’

‘जानेवारीत. नाव मीच बदलून घेतलं. चलावं आता, मागे लोक खोळंबलेत.’

‘आणि तो?’

‘कोण तो?’

‘उगाच वेड पांघरू नकोस.’

‘डॉन अतानासियो उद्या येताहेत. शुक्रवारी. निवृत्त माणसाला काय, सगळे वार सारखेच.’

बाल्दोमेरो जागीच उभा राहिला. चार महिने कट शिजवून, पहाटे उठून, नाव बदलून, त्याने शत्रूला एक दिवस मागे रेटला होता. इतिहासात याहून खराब मोहिमा झाल्या असतील, पण त्यांच्या सेनापतींनी निदान परतीचं भाडं दिलं नव्हतं.

‘या भिंतीवर एकच ओळ हजारो वेळा कोरली आहे,’ अंगुस्तियास पुन्हा आपल्या कामाच्या आवाजात सांगत होती. ‘ईश्वरावाचून कोणी विजयी नाही.’

‘हे मला उद्देशून आहे का?’

‘चौदाव्या शतकातलं आहे. तेव्हा तुमचा जन्म नव्हता.’

सिंहांच्या चौकात त्याने विचारलं, ‘तो इथे किती वेळ थांबतो?’

‘वीस मिनिटं.’

‘मग आपण पंचवीस थांबू.’

थांबले. ऊन टाळूवर होतं. संगमरवरी बारा सिंह पाठीवरचं कारंजं सांभाळत त्याच्याकडे बघत होते. तिने सांगितलं की बाराही सारखे दिसतात, पण एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. एका गृहस्थांना त्यातला तिसरा आपल्या मेव्हण्यासारखा वाटतो.

‘कोणत्या गृहस्थांना?’

‘आहेत एक.’

‘मला तर एकही कोणासारखा वाटत नाही,’ बाल्दोमेरो म्हणाला आणि तिसऱ्या सिंहाकडे पाठ करून उरलेली चार मिनिटं उभा राहिला.

जेवायला ती त्याला मोहल्ल्याबाहेरच्या एका खानावळीत घेऊन गेली. कोवळे बाकल्याचे दाणे आणि हॅम हा मे महिन्यातला त्याचा जीव की प्राण. त्याने मागवायला तोंड उघडलं, तेवढ्यात मनात शंका आली.

‘तो काय मागवतो?’

‘बाकला आणि हॅम.’

‘मला वांग्याचे काप,’ तो वाढप्याला म्हणाला, आणि शेजारच्या टेबलावरचा बाकला बघत बघत वांगी गिळली.

शेवटी त्याच्याने राहवेना. ‘अंगुस्तियास, एक सांग. तुम्ही दिवसभर बोलता तरी काय?’

‘तो विचारतो, मी सांगते. सांगून झालं की तो त्यातूनच पुढचं विचारतो. गेल्या वर्षी एका कमानीखाली आम्ही पाऊण तास बोलत होतो.’

‘पाऊण तास! आपलं लग्न पाऊण तासात उरकलं होतं!’

‘हो. आणि त्यात तुझे दोनच शब्द होते.’ तिने पावाच्या तुकड्याने ताटली पुसली. ‘आज सकाळपासून तू मला अकरा प्रश्न विचारलेस, बाल्दो. राजवाड्याबद्दल एकही नाही, सगळा रोख त्याच्यावर. मला वाटलं होतं, आलाच आहेस तर...’

‘तर काय?’

‘हा बारावा,’ ती म्हणाली आणि उठली.

हे त्याला लागलं. दुपारभर तो प्रश्न शोधत होता. ‘हा बुरूज किती जुना?’ त्याने विचारलं. ‘फलकावर लिहिलंय,’ ती म्हणाली. ‘ही झाडं कसली?’ ‘संत्र्याची. संत्री लागली आहेत.’ परीक्षेत पुस्तक न उघडलेल्या पोरासारखी त्याची गत झाली. साडेपाच वाजता ते सुलतानाच्या वरच्या बागेत पोहोचले. सहा वाजता सहल संपणार होती.

बागेच्या टोकाला पाण्याचा जिना आहे. दोन्ही बाजूंच्या कठड्यांत वरून पन्हळ खोदलेली, आणि त्यातून पाणी धावत खाली येतं. बाल्दोमेरोने हात टेकला तो थेट पाण्यात. गार पाणी, दमदार धार. त्याने दुसरा हात घातला. मग मान वर करून जिन्याच्या माथ्याकडे पाहिलं, मग खाली, दरीतल्या नदीकडे.

‘पंप कुठाय?’

‘काय?’

‘पंप. नदी तिकडे खड्ड्यात. हे पाणी इथवर चढलं कसं?’

अंगुस्तियास थबकली. ‘पंप नाही.’

‘पंप नाही कसा? पाणी काय पायऱ्या चढून येतं?’

तिने पिशवी पायरीवर ठेवली आणि शेजारी बसली. नदी जिथे या बागेहूनही उंचावर आहे तिथे, दीड कोस वर जाऊन, सुलतानाच्या माणसांनी ती फोडली; डोंगराच्या कडेकडेने चर खणत आणला; आणि पाण्याला कळू न देता त्याला उतरवत इथे आणलं. ती सांगत होती आणि तो मध्येच अडवत होता. एवढ्या लांब उतार किती दिला? जास्त दिला तर इथे पोहोचायच्या आत खाली जाईल, कमी दिला तर गाळ बसेल. गाळ कोण काढायचं? खडक फोडला का वळसा घातला? तिने बोटाने धुळीत चर काढला, त्याने तो पुसून दुरुस्त केला, तिने त्याची दुरुस्ती पुसली. मग त्याने खिशातून मोजपट्टी काढून पन्हळीला लावली.

‘तू राजवाड्यात मोजपट्टी घेऊन आलास?’

‘माझ्या खिशात ती असतेच.’

ती हसली. डोकं मागे टाकून, आवाज करून, शेजारून जाणाऱ्या दोन बायका वळून बघतील अशी. बाल्दोमेरोने तो चेहरा पाहिला आणि ओळखला. दुसऱ्या गुरुवारचा चेहरा हाच. याच्यामागे मिशा नव्हत्या, रुमाल नव्हता, चीज नव्हतं. कोणी नीट विचारलं की तो असा उजळायचा, एवढंच.

एखाद्याचं यावर समाधान झालं असतं. बाल्दोमेरोच्या अंगाचा नव्याने तिळपापड झाला. प्रियकर असता तर एकाला हाकलून भागलं असतं. नीट प्रश्न विचारणारी माणसं जगात किती असतील, कोणी सांगावं?

सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. तिने घड्याळ पाहिलं नव्हतं. त्याने पाहिलं होतं, पण सांगितलं नव्हतं.

‘हे पाण्याचं,’ तो पट्टी गुंडाळत म्हणाला, ‘उद्या त्याला सांगणार?’

‘बाल्दो.’

‘बाकी सगळं सांग. सिंह सांग, कमानी सांग, पाऊण पाऊण तास सांग. हे तेवढं नको.’

ती उठली, स्कर्ट झटकला. ‘उद्या पाण्याचा जिना बंद आहे.’

‘का?’

‘दुरुस्ती.’

‘कोण म्हणालं?’

‘मी म्हणतेय.’ आणि ती चालायला लागली.

बाल्दोमेरो दहा पावलं तिच्या मागोमाग गेला. विश्वास ठेवावा असं त्याला फार वाटत होतं. मग ‘आलोच, जरा जाऊन येतो’ असं म्हणून तो मागे वळला आणि जिन्याच्या पहारेकऱ्याला गाठलं.

‘उद्या हा जिना बंद ना? दुरुस्तीसाठी?’

पहारेकरी ग्रानादाचाच होता. त्याने बाल्दोमेरोला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. ‘सहाशे वर्षं वाहतंय. उद्याच काय बिघडणार आहे, तुम्ही हात घातलात म्हणून?’

म्हणजे ती खोटं बोलली होती. दुकानात आलेलं खोटं नाणं पारखावं तसं ते खोटं त्याने हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. एक तर ते तिने त्याच्या तोंडावर फेकलं होतं, गप्प बसावं म्हणून. किंवा उद्या तेच ती डॉन अतानासियोंना देणार होती, जिन्याच्या अलीकडूनच माघारी फिरवताना, तशीच सरळ चेहऱ्याने : दुरुस्ती चालू आहे, काय करणार. दोघांपैकी एक गृहस्थ फसणार हे नक्की होतं.

ती फाटकापाशी थांबली होती.

‘काय विचारत होतास त्याला?’

‘संडास कुठे आहे ते.’

‘मग गेला नाहीस?’

‘नाही.’

तिने पिशवी खांद्यावर टाकली. उतार लागला तेव्हा बाल्दोमेरोने तिची पिशवी आपल्याकडे घेतली आणि तिच्या चेहऱ्याकडे पुन्हा एकदा निरखून पाहिलं. रेघ हललेली नव्हती.