गोवर्धनकाकांचा गंधार

माझं तोंड फाटकं आहे. मनात आलं की बोलून मोकळी, मग समोर पाहुणा असो की गिऱ्हाईक. पण एक गोष्ट मी वर्षभर पोटात ठेवली, आणि नेमकी तीच ठेवायला नको होती.

सौंदडच्या स्टेशनरोडवर आमचं पेटी म्हणजे हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान आहे. भाता, लाकूड, चामडं हे काम माझं, आणि सूर मिळवायचं बाबांचं. जागेश्वर पेटीवाल्याचा कान म्हणजे देवरीपर्यंत नाव. ते दोन सूर एकदम दाबतात आणि डोळे मिटून बसतात. सूर जुळले नसले की आवाज हलतो, त्याला ते लहर म्हणतात. ती लहर थांबेपर्यंत, पेटीच्या आत सूर देणारी पितळेची पातळ पट्टी असते, तिच्यावर कानस चालते. टोकाशी घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. जास्त घासलं तर पट्टी कामातून गेली.

मागच्या वर्षीपासून बाबांना मी दोनदा हाक मारल्याशिवाय ऐकू जात नव्हतं. मी म्हटलं, गेला बाबांचा कान. मोबाईलवर सूर मोजायचं ॲप घेतलं आणि बाबांनी मिळवलेली पेटी चोरून तपासली. गंधाराला सुई मध्याच्या डावीकडे, धैवतालाही डावीकडे, म्हणजे दोन्ही उतरलेले. पुढच्या पेटीतही तेच. मग काय, दुपारी बाबा जेवून आडवे झाले की मी कानस घ्यायची आणि ते दोन सूर चढवून सुई मध्यावर आणायची. दर पेटीत तेच दोन सूर कसे बिघडतात, हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. मी आपली खूश, बापाची अब्रू राखली म्हणून.

तरी गिऱ्हाईक कमीच होत गेलं.

त्या मंगळवारी चिचगडचे गोवर्धनकाका आले. भजनात गातात, पहाडी आवाज. पेटी त्यांच्या वडिलांची. तिच्यातल्या पट्ट्या आता कुठं मिळत नाहीत, एक गेली की गेली. त्यांनी पेटी बाबांसमोर ठेवली आणि पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "जागेश्वरभाऊ, मागच्या वर्षी मिळवून नेली, तवापासून गंधार टोचून राहिला. गावंच वाटत नाही."

बाबांनी षड्ज आणि गंधार दाबले. लगेच हात उचलला. "हा मी नाही केला. दुसऱ्या कोणाकडं देल्ली होती का?"

"तुमच्याशिवाय कोणाचा हात नाही लागला. आईची शपथ."

माझ्या हातातलं चामडं खाली पडलं. काका पुढं बोललेच, "वाईट नका मानू भाऊ, पण लोक म्हणून राहिले का जागेश्वरचा कान गेला. आज मी इथंच बसतो. सूर बसला तर ठीक, नाही तं पुढच्या बारीले गोंदियाले, मशीनवाल्याकडं."

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी पेटी उघडली.

आता दुपारची झोप नाही, माझी कानस नाही, काही नाही. मी मोबाईल ओढणीखाली मांडीवर ठेवला. काकांचा गंधार बरोब्बर मध्यावर होता. असणारच, मागच्या वर्षी मीच आणला होता तिथं. मी मनात म्हटलं, बाबा, हात लावू नका, चांगला आहे तो. आणि बाबांनी पट्टीच्या बुडाशी कानस लावली.

वाजवून पाहिलं तशी सुई डावीकडे सरकली. बाबांनी मान हलवली, पुन्हा बुडाशी घासलं, वाजवलं. सुई आणखी डावीकडे. काका टक लावून बघत होते. बाबांनी तिसऱ्यांदा कानस उचलली आणि माझा तोल गेला.

"थांबा! काऊन घासून राहिले? पट्टी जाईल ना त्यांची! तुमाले ऐकू येत नाही बाबा, वर्ष झालं, ऐकू येत नाही तुमाले!"

मोबाईल मी त्यांच्या तोंडासमोर धरला होता. काका उभे राहिले. बाबांनी सुईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी दोनदा हळूच कानस फिरवली, पट्टी बसवली आणि भाता ओढला.

"गा गोवर्धन," एवढंच म्हणाले.

काका उभ्या उभ्याच गायले. षड्जावरून गंधारावर आले आणि तिथंच थांबले. आवाज कुठला आणि पेटी कुठली, कळेना. लहरीचं नाव नाही. मोबाईलची सुई डावीकडेच होती.

"वा भाऊ!" काकांचे डोळे भरले. "असाच पाहिजे. मशीन म्हणा का हा मोबाईल, बारा सूर सारख्या अंतरावर वाटून देते, पण गाणाऱ्याचा गंधार थोडा खालीच बसते. मंग मागच्या वर्षी काय झालं होतं तुमाले?"

बाबांनी कानस फडक्यात गुंडाळली. "चुकला असंल कान. पोरगी म्हणते ते खरं असंल. बोलणं कमी येते ऐकू, सूर येतात असं वाटे मले. आता काम बंद करतो."

आता गप्प बसले असते तर मी माणूस नव्हते.

"तुमी नाही चुकले," मी म्हटलं. "गंधार मी चढवला. काकांचा चढवला, रुख्माबाईच्या भजनी मंडळाचा चढवला, श्यामलालचा चढवला. वर्षभर जेवढ्या पेट्या गेल्या, तेवढ्या सगळ्या. तुमी झोपले का मी घासत होती."

मला वाटलं बाबा हात उचलतील. उचलला असता तर बरं झालं असतं.

"एवढी बोलतेस दिवसभर," ते म्हणाले, "हेच काऊन नाही विचारलंस मले?"

काकांनी पेटी गुंडाळली. दारात बाबांनी त्यांना अडवलं. "गोवर्धन, पोरीचं नाव नको घेजो. माझ्यानंतर दुकान तिलेच चालवायचं आहे. माझाच कान बिघडला होता म्हण."

"नाही काका!" मी ओरडलेच. "चिचगडात, देवरीत, भेटंल त्याले सांगा, ओमेश्वरीनं बिघडवल्या. नाही सांगितलं तं मी स्वतः घरोघरी येऊन सांगीन."

काकांनी सांगितलं. पंधरा दिवसांत सहा पेट्या बाबांकडं सूर मिळवायला परत आल्या. श्यामलालनं तर माझ्यासमोरच पेटी बाबांच्या हातात दिली आणि म्हणाला, "पोरीले हात लावू देऊ नका." बाबा म्हणाले, "नाही लावू देणार." बाबांच्या कानावर लोकांचा भरवसा परत आला म्हणून मला हायसं वाटलं, आणि मागं जाऊन मी पोटभर रडले.