घरटी एक माणूस

पावणेसहाला अंजनाने सासूच्या पाठीखाली हात घालून त्यांना उठवून बसवले, वॉकर पुढे सरकवला आणि मोरीपर्यंतची अकरा पावले ती त्यांच्या मागोमाग चालली. परत आणून त्यांचे पाय पुसले. चहात बुडवून दोन बटरे भरवली, गोळी दिली. मग परातीत पीठ घेतले आणि भाकरी थापता थापता घड्याळाकडे पाहिले. नारायणगावची जीप साडेसातला येडगावच्या फाट्यावर यायची.

महिन्याची बिनपगारी रजा काल संपली होती. द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये तिचे सहा हंगाम झाले होते आणि गेल्या वर्षापासून बावीस बायकांची एक अख्खी लाइन तिच्या हाताखाली होती. सोमवारी हजर नसशील तर लाइन आरतीकडे जाईल, असे मॅनेजरने फोनवर स्पष्ट सांगितले होते. आज सोमवार होता.

दिवाळीच्या तोंडावर चाकणच्या कंपनीने एक पाळी बंद केली आणि तिचा नवरा रामनाथ घरी येऊन बसला. पुढे पंधरा दिवसांनी सासू, धोंडाबाई, मोरीत घसरल्या, खुब्याचे ऑपरेशन झाले. त्या वेळी घरात एकाची नोकरी गेलेली होती आणि एकीची शाबूत होती. रजा कुणी घ्यायची याची चर्चासुद्धा झाली नाही. जिची नोकरी होती तिने रजा घेतली.

ओसरीवरून, मोबाइलमधून डोके वर न काढता रामनाथ म्हणाला,

"कुशाबाकडं आज कांदा लागवड हाये. दोन दिस जायचंय तुला. शर्ट वाळलाय बघ दोरीवर."

भाकर उलटताना अंजनाची बोटे तव्याला लागली.

"मला आज कामावर जायचंय. सांगितलं व्हतं तुमाला."

"आन् कुशाबाची मंगलवहिनी आपल्या वावरात दोन दिस राबल्या त्याचं काय? सावड फेडायला नको? मी शब्द दिलाय."

"मला न इचारता?"

"तू घरीच हायेस की. त्यात काय इचारायचं?"

"घरी तर तुमीबी हाये."

रामनाथ हसला. "मी? बायांच्या रांगंत बसून रोपं टोचू? गावात लई मान वाढंल माझा!"

"जा गं बाई," आतून धोंडाबाई म्हणाल्या. "घरचा शब्द गेलाय. पॅकहाऊस कुठं पळून जातंय?"

अंजनाने गॅस बंद केला. बोटे पाण्यात बुडवली आणि आग थोडी शमेपर्यंत तशीच धरून ठेवली. महिनाभर ती उत्तरे देत होती, आणि प्रत्येक उत्तरानंतर पुढचे काम तिच्याच हाती येत होते. या वेळी तिने उत्तर दिले नाही. हात पुसून फोन घेतला आणि ओसरीवर येऊन, रामनाथला ऐकू जाईल अशा बेताने उभी राहिली.

"मंगलवहिनी, अंजना बोलतीय. आमच्या घरचं माणूस आठाला येतंय. न्हाई, मी न्हाई. हे येत्यात. दोन्ही दिस."

पलीकडून मोठ्याने हसल्याचा आवाज आला. मग मंगल म्हणाली, "चालतंय की! घरटी एक माणूस, बाईच पायजे असं थोडंच हाये? बाया दुपारपत्तुर हसतील, मग थकतील."

फोन ठेवला तेव्हा रामनाथ उभा राहिला होता.

"हे काय केलंस?"

"शब्द दिलाय."

"आन् आईकडं कोण बघंल?"

आत वॉकर फरशीवर एकदा वाजला.

"घराच्या मागंच तर वावर हाये कुशाबाचं," धोंडाबाई म्हणाल्या. "मला खुर्चीसकट उचलून बांधावर ठेव. रोप सरळ लावतो का वाकडं, बघती मी."

रामनाथने मोबाइल खिशात टाकला.

अंजनाने दोन भाकरी आपल्या डब्यात घातल्या, दोन फडक्यात बांधल्या. पॅकहाऊसचे ओळखपत्र गळ्यात अडकवले. मग अंगणातल्या दोरीवरचा शर्ट काढला. करड्या रंगाचा, खिशावर कंपनीचे नाव शिवलेला. घरी बसल्यापासून रामनाथने त्याला हात लावला नव्हता. शेतात जाताना साडीवरून तीच तो घालत असे.

शर्ट तिने ओसरीतल्या खुर्चीवर ठेवला, वर भाकरीचे फडके ठेवले. पायरी उतरली, आणि परत फिरली. फडके बाजूला करून, आपल्या मापासाठी दुमडलेल्या त्याच्या दोन्ही बाह्या तिने उलगडून सरळ केल्या.

फाट्याकडून जीपचा हॉर्न आला.