तीन शब्दांचं कार्ड आणि तीनशे वीस ओळी

यातलं अक्षर न अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर माझी कवळी माझ्याच घशात अडको.

मी धुलाईच्या कारखान्यात होते. कपडे वाळवायच्या आठ खोल्या, माणूस उभा मावेल एवढ्या. झाडायला आत शिरणारी बाई दाराबाहेरच्या खिळ्यावरचा बिल्ला काढून गळ्यात घालायची. वाफ सोडायचा नियम मी एका कार्डावर बसवला होता. बिल्ला खिळ्यावर आणि कडी बाहेरून, तर खोली ‘मोकळी’. समोरासमोरच्या दोन्ही मोकळ्या आणि मधला नळ बंद, तर जोडी ‘गप्प’. चारही जोड्या गप्प, तर ‘सोड’.

नव्या साहेबांना हा बायकांचा चावटपणा वाटला. टोपणनावं नकोत, म्हणाले, सगळं फोडून लिहा. आता वाफेच्या आठ चाव्या, प्रत्येक उघडताना आणि वाढवताना ‘सोड’ लागणार. त्याच्या पोटात चार ‘गप्प’, एकेका ‘गप्प’च्या पोटात दोन ‘मोकळी’ आणि एक नळ, एकेका ‘मोकळी’च्या पोटात बिल्ला आणि कडी. तीनशे वीस ओळी झाल्या बाई! अर्थ तोच, पण कागद छतापासून लोंबत पार दाराबाहेर गेला.

त्या सकाळी माझी नणंद सहाव्या खोलीत झाडत होती. तिकडे वाफ सोडणारा मिस्त्री ओळ वाचायचा, बोळात जाऊन खिळा बघायचा, परत यायचा. पहिल्या दोन जोड्या बघून कंटाळला. पुढे सगळं तेच तेच, म्हणाला, आणि एकदम शेवटची ओळ गाठली. पाइप गुरगुरायला लागला.

नणंद कुठे दिसेना, आणि कुठल्या खोलीत शिरली ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आठ दारं, कुठल्या दाराकडे धावू? पदरातलं जुनं कार्ड काढलं. सोड? पहिली जोडी गप्प. दुसरी गप्प. तिसरी... सहावीचा खिळा रिकामा. आणि दाराची कडी कुणीतरी बाहेरून लावलेली.

“चावी उलटी फिरव मेल्या, माझी नणंद आत आहे!”

कडी काढताना बोटं भाजली. नणंद घामाने निथळत बाहेर आली आणि हसत म्हणाली, “वहिनी, मला वाळत घालायचं ठरवलंत की काय?”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः माझं कार्ड चाव्यांजवळच्या खिळ्याला टांगलं.

बरं, एक गोष्ट मी रचली. नणंद हसलीबिसली नाही. माझा हात धरून बसली, आणि आठ दिवस तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.